वाफेतलं हसू

त्या गाण्यात हसणारी बाई कोण, यावरून दोघी जावांचं जे भांडण होतं, ते घरातल्या निम्म्या माणसांपेक्षा वयाने मोठं होतं. मुलं त्या भांडणात जन्मली आणि वाढली. लग्न होऊन आलेल्या सुनांना पहिल्याच आठवड्यात गाणं दाखवून विचारलं जायचं, बोल, कोण आहे ही? शहाण्या सुना म्हणायच्या, चष्मा आणला नाही. एक जावई जरा भोळा निघाला. त्याने खरंच निरखून पाहिलं आणि आपलं मत सांगून टाकलं. पुढे कित्येक वर्षं त्याला वरच्या मजल्यावर चहा मिळायचा आणि खालच्या मजल्यावर नुसतं पाणी.

खालच्या मजल्यावर थोरली राहायची, वरच्या मजल्यावर धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, ते मागेपुढे निघून गेले होते. मुलं आपापल्या घरी सुखात होती. धाकटी सकाळी खाली उतरायची ती जेवूनच वर जायची, आणि वरून काही पडल्याचा आवाज आला की थोरली जिन्याशी येऊन विचारायची, काय फोडलंस? दोघींचं चांगलं सूत होतं. वाद फक्त त्या एका चेहऱ्यापुरता, आणि तोही जुन्या लोणच्यासारखा मुरलेला.

गाणं रॉकचं होतं. लांब केसांची, घट्ट विजारींची चार पोरं एका धुलाईघरात वाजवत हिंडतात, एवढीच त्याची गोष्ट. सगळीकडे वाफ. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी. त्यांच्यामधून तो गाणारा चालतो तो पाण्याखालून चालल्यासारखा, संथ, केस मागे तरंगत. मग तो गायचा थांबतो, गिटार एकटीच वाजू लागते, आणि एक भलीमोठी चादर हवेत उडते. ती सावकाश, अगदी सावकाश खाली येते आणि तिच्या काठावरून एक बाई हसते. डोक्याला फडकं, हनुवटी चादरीआड, चेहऱ्यापुढून वाफ जातेय. ती हसते ती हसतच राहते. चादरीचं दुसरं टोक कोणीतरी धरलेलं आहे, पण त्या माणसाचे फक्त हात दिसतात, तेही पांढऱ्या ठिपक्यांसारखे.

ते गाणं एके काळी टीव्हीवर उठता बसता लागायचं. त्या पिढीच्या माणसांना आजही विचारा. गाण्याचे शब्द आठवणार नाहीत, गाणाऱ्याचं नाव जिभेवर येऊन अडेल, पण म्हणतील, ते हो, ते चादरीवालं, ती बाई हसते ते. आणि चेहरा जरा मऊ होईल त्यांचा.

धाकटीचं म्हणणं, चेहरा माझा आणि हात ताईंचे. थोरलीचं म्हणणं बरोबर उलटं.

धुलाईघर होतं सासरच्यांचं. खाली काम, वर बिऱ्हाड. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या. धुवायच्या, नीळ द्यायची, गरम रुळांखालून काढायच्या आणि दोघींनी समोरासमोर उभं राहून घडी घालायची. घडीचं काम ज्याने केलंय त्यालाच ते कळतं. दोन्ही टोकं धरून चादर आधी झटकायची, मग कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुढे चालत यायचं, आपली कड समोरचीच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी घडी उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभर एकमेकींकडे जायचं आणि एकमेकींपासून लांब जायचं. जावा-जावांचं पटणार नाही असं लग्नात ज्यांनी भाकीत केलं होतं, त्यांना या कामाची कल्पना नव्हती. समोरचीशी अबोला धरून चादरीची घडी येत नाही.

सासरे बॉयलर सांभाळायचे आणि सासूबाई बाकी सगळं. सासूबाई रागीट नव्हत्या, कोणाला टाकून बोलायच्या नाहीत, पण हसण्याचा प्रकार त्यांनी जणू खळ घालून, इस्त्री करून कपाटात ठेवून दिला होता. नवरा-बायकोचं बोलणंही कामापुरतं. त्या म्हणायच्या, वाफ वाढवा. सासरे म्हणायचे, वाढवली. झाला संसार.

अशा ठिकाणी एके दिवशी काळ्या चष्म्याचा एक माणूस आला आणि म्हणाला, मला तुमची वाफ फार आवडली. सासूबाईंना वाटलं, चादरी घेऊन आलाय. त्याला गाण्याची फिल्म काढायची होती. सासूबाईंनी दोन अटी घातल्या. काम थांबणार नाही, हॉटेलच्या चादरी संध्याकाळपर्यंत गेल्याच पाहिजेत. आणि कॅमेरा त्यांच्या अंगावर आला तर त्या रूळ बंद करतील. काळ्या चष्म्याला पहिली अट तर वरदानासारखी वाटली. तुम्ही काम करा, तो म्हणाला, हे लोक तुमच्यामधून गात जातील.

मग गाणं सुरू झालं आणि दोघी जावा हसून बेजार झाल्या. कारण त्या एवढ्या दांडग्या पोराच्या गळ्यातून उंदराच्या पिल्लासारखा चिरका, घाईघाईचा आवाज येत होता. ढोल टपटप टपटप, गिटार किणकिण किणकिण. गाणारा त्या चालीवर धापा टाकत ओठ हलवत होता. काळ्या चष्म्याने कोणाला तरी समजावलं होतं, की इथे गाणं दुप्पट वेगाने लावायचं, कॅमेराही दुप्पट पळवायचा, आणि नंतर सगळं हळू केलं की ओठ गाण्याला बरोबर बसतात आणि बाकीचं जग तरंगतं. पण ते समजावणं रुळांच्या आवाजात दोघींपर्यंत पोचलंच नाही. त्यांची पक्की समजूत झाली की रॉक रॉक म्हणतात ते हेच. चाल तर झकास होती. त्या चालीवर चादरी भराभर घडी होत होत्या. दिवस मावळायच्या आत दोघींना गाणं पाठ झालं, शब्द सोडून.

पुढे तेच गाणं घरात राहिलं. कामाला हात चालवायचा असला की थोरली ते चिरक्या आवाजात धरायची. मुलांना आंघोळ घालताना, पाठ चोळताना तेच. आणि काही महिन्यांनी टीव्हीवर खरं गाणं आलं तेव्हा दोघी मख्खपणे बघत बसल्या. कोणी तरी भरल्या गळ्याने, रडवेलं, ओढत ओढत गात होतं. थोरली म्हणाली, छान आहे, पण जरा आजारी वाटतो. मग चादरी दिसल्या, आपला जिना दिसला, आणि धाकटीच्या हातातली वाटी खाली पडली. तरीही ते हळू गाणं त्यांनी कधी आपलं मानलं नाही. त्यांच्या मुलांनी शाळेच्या सहलीत ते घरच्या वेगाने म्हणून दाखवलं आणि अख्ख्या बसने त्यांची टर उडवली, पण मुलंही बधली नाहीत. आमच्या घरचं आहे, ती म्हणाली, कसं म्हणायचं ते आम्हाला माहीत.

इथवर सगळी मजाच होती. पण धाकटीपुरतं त्या चेहऱ्यात आणखी काही होतं आणि ते ती सहसा बोलायची नाही.

तिच्याकडे तिच्या तरुणपणाचा एकही फोटो नव्हता. होते ते बिऱ्हाडातल्या भिंतीवर टांगलेले, लग्नाचा, मुलाला मांडीवर घेतलेला. धुलाईघराच्या वरच्या खोल्या, बारा महिने दमट. फोटो काचेला चिकटले आणि काढायला गेल्यावर चेहरे काचेवर राहिले, कागदावर नुसते कपडे. थोरलीचं बरं होतं. तिचे फोटो तिच्या माहेरी कोरड्या भिंतीवर टांगलेले होते, ते नंतर तिच्याकडे आले. धाकटीला मात्र आपण तेव्हा कशा दिसत होतो हे विचारायचं झालं तर त्या गाण्याला विचारावं लागायचं. गिटार एकटी वाजू लागली की ती पुढे सरकून बसायची. तिच्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, कपाळ तुझंच आहे, मी ओळखत नाही होय? तो गेल्यावर ते वाक्य आणि तो चेहरा दोन्ही मिळून तिच्याजवळ राहिले. कधी एकटीला करमेनासं झालं की नातीने फोनवर घालून दिलेलं ते गाणं ती लावायची, आणि त्या धुरकट, कॉपीच्या कॉपीवरून आलेल्या हसऱ्या बाईकडे बघून तिला बरं वाटायचं. चला, आपण एवढं हसलो होतो, आणि ते कोणीतरी जपून ठेवलंय.

म्हणून नातीने ती बातमी आणली तेव्हा घरात सगळे खूश झाले, एक धाकटी सोडून.

बातमी अशी, की चित्रपटांच्या संग्रहालयात जुन्या रॉक गाण्यांच्या फिल्म दाखवणार होते. या गाण्याची मूळ फिल्म कुठल्याशा डब्यात सापडली होती. ती साफसूफ करून नवी केली होती, आणि त्या हसऱ्या बाईचं चित्र माणसापेक्षा मोठं करून दारातच लावायचं ठरलं होतं. खाली तिचं नाव हवं होतं. संग्रहालयाने लोकांना विचारलं होतं, ही कोण? नातीने त्यांना कळवलं, माझ्या घरी दोन आहेत, कोणती हवी?

"आता होऊन जाऊ दे एकदाचं," थोरली म्हणाली. पण तिचाही आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी धाकटी भांडी पुसता पुसता विचार करत होती. आपली निघाली तर ताईंचं काय? दारात आपलं एवढं मोठं चित्र, आणि ताई खाली पिशवी धरून उभ्या. आणि त्यांची निघाली तर? त्यांच्याकडे लग्नातला फोटो आहे, माहेरच्या अंगणातला आहे, झोपाळ्यावरचा आहे. माझ्याकडे काय उरलं? आणि कोणाचीही निघाली तरी दुपारी बोलायचं काय? इकडे आड तिकडे विहीर. शेवटी तिने ताट इतकं पुसलं की थोरली म्हणाली, अगं पुरे, नक्षी जाईल.

संग्रहालयातली मुलगी हसतमुख होती. तिने दोघींना आणि नातीला एका छोट्याशा खोलीत नेलं. गुबगुबीत खुर्च्या, समोर पडदा. तिच्या हातात पांढरे पातळ मोजे होते. ती सांगत होती की फिल्मचा तुकडा न् तुकडा धुऊन काढलाय, मग एकेका चित्रावरचे डाग टिपलेत.

"फिल्म धुतात?" थोरलीने विचारलं.

"धुतात ना, आजी."

"साबण कोणता लावता?"

मुलीने गंभीरपणे सांगितलं की साबण नसतो, एक वेगळं द्रव असतं. थोरलीने मान हलवली, पण धाकटीला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, हिला काही पटलेलं नाही. एरवी धाकटी हसली असती. आज तिचे हात गार पडले होते. थोरलीने न बघता आपला हात तिच्या हातावर ठेवला. तोही गारच होता.

दिवे गेले. गाणं लागलं, ते आजारी, हळू गाणं. आणि समोर त्यांचं धुलाईघर उघडलं. पांढरं म्हणून जे इतकी वर्षं नुसतं पांढरं दिसायचं, त्यात आता सगळं होतं. चादरींचं विणकाम दिसत होतं. रुळाचा घासलेला दांडा. पाण्याच्या टाकीवरचा तो पोचा, जो धाकटीच्या नवऱ्याने गाडी मागे घेताना पाडला होता. धाकटी तोंडाला पदर लावून बघत राहिली. आता गाणारा गप्प होईल. झाला. गिटार एकटी निघाली. चादर वर उडाली आणि सावकाश, अगदी सावकाश, खाली आली.

मग थोरली बारीक आवाजात म्हणाली, "आई."

त्या सासूबाई होत्या.

कपाळ त्यांचं, भुवया त्यांच्या, नाकाचं सरळ हाड त्यांचं. फडकंसुद्धा त्यांच्या पद्धतीने मागे गाठ मारलेलं. आणि त्या हसत होत्या. नुसतं ओठ हलवल्यासारखं नाही, चांगलं मोकळं, डोळे बारीक करून, मान किंचित मागे टाकून. डाव्या गालाला खोल खळी पडली होती. एका घरात इतकी वर्षं काढून, हाताखाली राबून, शेवटी त्यांच्या आजारपणात त्यांना भरवूनसुद्धा दोघींना ती खळी माहीत नव्हती. शेजारी बसलेल्या नातीच्या गालाला तशीच आहे. ही कुठून आणलीस, असं सगळे तिला लहानपणापासून विचारत आलेत.

मुलीने चित्र थांबवलं. तिला वाटलं, काही चुकलं.

"अगं, तुझ्या नवऱ्याला स्वतःची आई ओळखता आली नाही," थोरली म्हणाली.

"तुमच्या नवऱ्याला तरी कुठे आली, ताई?"

"त्यांचं काय, त्यांना समोरचा डबा दिसायचा नाही."

दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता धाकटीने डोळे पुसले. तिला वाटलं होतं, चेहरा आपला नाही म्हटल्यावर काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. कोणाची वस्तू आपल्याकडे चुकून राहावी, आपण ती वापरत राहावं, आणि एके दिवशी खऱ्या मालकाने समोर उभं राहावं, तसं झालं. परत देताना जड गेलं नाही. त्या बाईने एवढंच तर स्वतःसाठी केलेलं दिसत होतं.

मग थोरलीने पडद्याकडे बोट केलं. हात बघ, ती म्हणाली. चादरीचं दुसरं टोक धरलेले ते हात आता पांढरे ठिपके राहिले नव्हते. रुंद, केसाळ, बाप्याचे हात होते, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. बॉयलरजवळ काचेवर वाफ धरते म्हणून सासरे घड्याळ तसं बांधायचे.

"म्हणजे मामंजी," धाकटी म्हणाली.

"म्हणजे मामंजी. आणि काय बोलले असतील गं ते, की त्या एवढ्या हसल्या?"

हे मात्र कोणतीही फिल्म धुऊन निघण्यासारखं नव्हतं. थोरलीने सुचवलं, वाफ वाढवली, असं म्हणाले असतील. नात म्हणाली, गाणाऱ्याच्या विजारीबद्दल काहीतरी असणार. धाकटीला वाटलं, काही बोललेच नसतील, त्या चिरक्या गाण्यावर नुसते एक पाऊल नाचले असतील. सासरे नाचताना तिच्या डोळ्यांपुढे येईना, पण सासूबाई हसताना तरी कुठे आल्या होत्या?

तिला आता दुसरंच आठवत होतं. टीव्हीवर गाणं लागलं आणि दोघींची जुंपली, की सासूबाई भाजी निवडत कोपऱ्यात बसलेल्या असायच्या. कधी एका शब्दाने मध्ये पडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, चेहरा काय बघत बसता, चादर कशी ताठ धरलीय ते बघा. तेव्हा दोघींना वाटलं होतं, म्हातारीला कामाशिवाय काही दिसत नाही. त्यांना माहीत होतं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि सासऱ्यांनाही. दोघं एका खोलीत बसून ते गाणं बघायची, आणि सुनांना भांडू द्यायची.

"पण आपण होतो ना तिथेच," थोरली म्हणत होती. "आपल्याला कसं नाही दिसलं?"

यावर त्या मुलीने एक गोष्ट केली. तिने विचारलं, त्या दिवशी जसं घडलं होतं त्या वेगाने दाखवू का? आणि तिने गाणं दुप्पट पळवलं. खोलीत तो चिरका, उंदराच्या पिल्लाचा आवाज भरला, टपटप टपटप, किणकिण किणकिण, आणि दोघी म्हाताऱ्या खुर्चीत ताठ झाल्या. आपलं गाणं! इतकी वर्षं फक्त स्वतःच्याच तोंडून ऐकलेलं. सगळे भराभर धावत होते. चादर फटकन उडाली, फटकन खाली आली. काठावर पापणी लवते न लवते एवढा वेळ काहीतरी चमकलं, आणि सासूबाई नेहमीच्या चेहऱ्याने कोपऱ्याला कोपरा लावत होत्या.

"इतकंच?" नात म्हणाली.

"इतकंच," धाकटी म्हणाली. "ते हळू केलं म्हणून दिसलं."

तिने मुलीला पुन्हा हळू लावायला सांगितलं. आणि या खेपेला तिची नजर सासूबाईंवरून मागे गेली. मागे जिन्याची खालची पायरी होती, आणि तिथे, वाफेच्या पलीकडे, दोन मुली उभ्या होत्या. आधी कधी त्या कोणाला दिसल्या नव्हत्या, तिथे नुसता करडा डाग असायचा. दोघींच्या अंगावर ठेवणीतले कपडे, केस नव्याने विंचरलेले, एकीच्या कानात दोन्हीकडे वेगवेगळं कर्णफूल. दोघी तोंडाचा आ करून उजवीकडे बघत होत्या. उजवीकडे गाणारा होता. सासूबाई त्यांच्यापासून चार पावलांवर, आयुष्यात एकदाच तशा हसत होत्या, आणि या दोघी त्या लांब केसांच्या पोराकडे बघत होत्या.

मग सगळं उलगडलं. गाणं पहिल्यांदा दोन-चारदा वाजवून झाल्यावर दोघी गुपचूप वर पळाल्या होत्या, कपडे बदलायला. टीव्हीवर यायचं तर कामाच्या कपड्यांत कशाला? चादरींचा ढीग तसाच पडलेला, गाणं सुरू झालेलं, काम तर थांबायचं नाही. सासूबाईंनी चादर उचलली असणार आणि जे समोर सापडले त्यांना दुसरं टोक दिलं असणार. कॅमेरा अंगावर आला हे घडीच्या नादात कळलंही नसेल. दोघी खाली आल्या तेव्हा काळ्या चष्म्याने डोक्याला हात लावला आणि कामाचे कपडे घालून यायला परत पिटाळलं. मग पुढे दिवसभर त्या दोघींनीच घड्या घातल्या. ते सगळं काढलेलं कुठे गेलं कोण जाणे. ठेवलं ते एवढंच.

धाकटी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली. कर्णफुलांचा घोळ केलेली ती होती. बारीक मान, कपाळावर आलेली बट, जिला काही केल्या मागे राहायचं माहीत नव्हतं, आणि जगात त्या क्षणी दुसरं काही नाही असे लागलेले डोळे. हसत नव्हती. वेंधळी दिसत होती. पण काय टवटवीत पोर होती. नवऱ्याने सांगितलेलं कपाळ इथे होतं, मागे, जिन्यात.

"मी बरी दिसायचे की," ती म्हणाली.

"तोंड मिटलं असतंस तर आणखी बरी दिसली असतीस," थोरली म्हणाली. "आणि माझं कर्णफूल घातलंयस. तरी म्हटलं, माझं एक गेलं कुठे."

मुलगी कागद-पेन घेऊन थांबली होती. चित्राखाली काय लिहू, तिने विचारलं. थोरलीने सासूबाईंचं नाव सांगितलं, पूर्ण, सावकाश, आणि पुढे सासऱ्यांचंही सांगितलं, कारण हात त्यांचे होते. मुलगी म्हणाली, दारातल्या चित्रात हात येणार नाहीत, फक्त चेहरा मोठा केलाय. धाकटी म्हणाली, मग चित्र थोडं लहान कर बाळ, पण हात घे. त्यांच्याशिवाय त्या हसल्या नसत्या. मुलीने जरा विचार केला आणि ते मान्य केलं. जिन्यातल्या दोघींचाही एक फोटो काढून देते, ती म्हणाली, तुम्हाला घरी ठेवायला. धाकटीने दोन मागितले. एक वरच्या मजल्याला, एक खालच्या.

परत येताना नात गाडी चालवत होती आणि दोघी मागे बसल्या होत्या. धाकटीला आदल्या दिवसाची ती भीती आठवली, की आता दुपारी बोलायचं काय. बाहेर दुकानांची शटरं वर जात होती, एक माणूस फुटपाथ धूत होता.

"पण मी म्हणते," थोरलीने सुरुवात केली, "कपडे बदलायला वर चल असं मी म्हणाले नसते, तर त्या कॅमेऱ्यापुढे आल्याच नसत्या."

"तुम्ही? अहो ताई, म्हणाले मी. तुम्ही तर नको नको म्हणत होता, आई ओरडतील म्हणून."

"मी नको म्हणत होते? मी पहिली जिना चढले."

"चढलात माझ्यामागून. माझ्या हातात किल्ली होती कपाटाची."

"किल्ली माझ्याकडे असायची. मी थोरली."

नातीने आरशातून मागे पाहिलं, काही विचारायला तोंड उघडलं, आणि शहाण्यासारखं मिटून घेतलं.